उतरणारी पावणी

महाळुंगे पडवळ गावात बोलतात की कुशाबाई लई हावरी. बोलावणं नसलं तरी कुणाच्याही दारात जाऊन "आज तुमच्याकडंच जेवणार" म्हणते आणि ताट चाटूनपुसून उठते. ही अफवा पसरवणारे स्वतः लग्नातली जिलेबी पिशवीत भरून नेतात, ते सोडा.

खरं असं की कुशाबाई कुणाच्या लग्नात जेवत नाही. ती जेवायला उतरते ते फक्त जिथं गाव पाणीसुद्धा पीत नाही, तिथं. कांदालागणीच्या बायांची टोळी तिची. सुट्टीत मीही असते. वाफ्यात वाकल्यावाकल्या ती येशूच्या गोष्टी सांगते. मी शेजारच्या वाफ्यातून तिच्याच आवाजात त्या परत सांगते, म्हणजे बाया दोनदा हसतात.

"जक्कय बुटका. जकातवाला. समद्यांना नाडणारा, म्हणून कुणी दारात उभा करीना. येशू येणार म्हणून ही गर्दी! ह्याला काय दिसंना, तर गडी चढला उंबरावर. येशूनं वर बघितलं, म्हणला, 'आरं, उतर खाली. आज मी तुज्याकडंच उतरणार.' बघा बायांनो, त्यानं जेवू घातलं न्हाई. जेवायला मागितलं!"

आता गेणभाऊ. त्याचा धाकटा भाऊ हौशीराम कुष्ठरोगाचं औषध पूर्ण करून, बरा होऊन गावी आला. गेणभाऊनं त्याला ठेवला शेतातल्या, कांदा साठवायच्या रिकाम्या बराखीत. ताट बांधावर ठेवून लांबूनच हाक मारायची. कुणी विचारलं की छाती फुगवून, नाकातून: "आमी काय भेदभाव मानीत न्हाई, राव! हायजीन व्हय ना, हायजीन!" बोलताना तोंडातली तंबाखू समोरच्याच्या सदऱ्यावर उडते, ती बहुतेक हायजीनमध्ये बसत नसावी. आणि ऐकणारे शहाणे माना हलवत सदरा पुसतात.

त्याच्या शेतात लागणीला गेलो, तर हौशीरामची पिशवी भरलेली. संध्याकाळच्या एसटीनं मंचर, तिथून कुष्ठरोग्यांच्या आश्रमात, कायमचा.

"माज्या हातचं हितं कुणी खाईना, मावशी. तिथं निदान पंगतीला तरी बसतो."

कुशाबाईनं हातांची माती झटकली. "आज मी तुज्याकडं उतरणार. टोळीचा च्या तूच ठेव." मग माझ्याकडं वळून, "सृष्टे, गेणभाऊ पण पिणार बघ."

"तो? कप ओठाला लावणार न्हाई. पैज!"

"हरलीस तर उद्या तू उतरायचं."

बाया बराखीपुढं चहा प्यायला बसलेल्या बघून गेणभाऊ पळतच आला. "ताई, च्या घरनं आणला असता की!"

"मंग हे कुणाचं घर हाय, भाऊ?"

गेणभाऊनं वाफ्यांकडं बघितलं. उपटलेलं रोप उन्हात पडलेलं, आणि टोळी उठून गेली तर दुसरी मिळायची नाही. हौशीरामनं दोन्ही हातांनी कप पुढं केला. "दादा, घे."

गेणभाऊनं घेतला. पण मान मागं टाकली, तोंडाचा आ केला आणि तांब्यातलं पाणी प्यावं तसा चहा वरून ओतला. पाणी वरून पिता येतं, राव. उकळता चहा नाही.

"आय आय आय गंऽऽ!"

सदरा भिजला, जीभ पोळली, बाया हसून लोळल्या. हौशीराम मात्र पुढं सरकला. "फुकून पी की रं, दादा," तो म्हणाला, दोघं लहान असल्यासारखा. गेणभाऊनं त्याच्याकडं बघितलं. फुंकर मारली. उरलेला चहा ओठ लावून प्याला.

एसटी गेली, ती हौशीरामला न घेताच. पिशवी खुंटीला. गेणभाऊ आता पारावर सांगतोय, "आमी तर पयल्यापासनं त्याच्याच हातचा घेतो!" आणि शहाणे माना हलवतायत.

पैज मी हरले. दुसऱ्या दुपारी बराखीत उतरले. हौशीरामचं पिठलं भयंकर खारट झालं होतं. मी छाती फुगवून नाकातून म्हटलं, "हायजीन बराबर हाय, राव! फकस्त मीठ जास्त झालंय."

हौशीराम इतका हसला की भाकरी करपली. तीही खावी लागली.