म्हसवडातली होडी

आमच्या म्हसवडात नदीला पाय बुडण्याइतकं पाणी नसायचं, आणि माझ्या शेजारचा हा माजी फौजी होडीच्या शर्यती खेळायचा. त्याही घरात बसून! एकाहत्तरची लढाई आटोपून पेन्शनीत आला, तो हे खूळ घेऊनच. फळीखाली बेअरिंगची चाकं, समोर खांबाला सायकलच्या दोन ट्यूबा; फळीवर बसून त्या वल्ह्यासारख्या ओढायच्या. पुण्यात त्याचा पलटणीतला जोडीदारही असंच ओढायचा. दहा मिनिटांत कुणी जास्त वेळा ओढलं, ते पोस्टकार्डावर ठरायचं. मोजणारा साक्षीदार मी, कारण मी शाळामास्तर आणि माझ्याकडे घड्याळ.

"आवं गुरुजी, घड्याळ घिऊन या!" दर रविवारी सकाळी हाक यायचीच. माझी एका रविवारची दाढी धड झाली असेल तर शपथ.

एकदा वैतागून मी कार्डावर आकडा दहाने वाढवून लिहिला. जिंकू दे बाबा, मी सुटेन तरी. त्याने कार्ड वाचलं आणि धापा टाकत म्हणाला, "मी बी मोजत हुतो, गुरुजी. शाळंत पोरांस्नी असंच मार्क देता व्हय?"

कार्ड फाडून तो पुन्हा फळीवर बसला. मी घड्याळ लावून पुन्हा दहा मिनिटं मोजली. या खेपेला आधीच्या खऱ्या आकड्यापेक्षाही चौदा कमी भरले. त्याने नवं कार्ड पुढे केलं.

"आता लिवा."