लेथ उलटी फिरवायची तर

मला एक सांगा, प्लगमधल्या दोन वायरी अदलाबदल केल्या तर घरातला पंखा उलटा फिरतो का हो? नाही ना? मग लेथची मोटर कशी फिरेल? पण लकडगंजातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये असलं ज्ञान रोज ऐकावं लागतं. लोखंडाचा चुरा कितीही झाडा, पुन्हा साचतोच. तसे हे किस्से. आज थोडे झाडून टाकते, नाहीतर माझंच डोकं फिरायचं!

तर आमच्या ह्यांचा खांदा धरला. आमची लेथ जुनी, एकाच बाजूनं फिरणारी. बोल्टला आटे पाडायचे तर दर खेपेला चक, म्हणजे बोल्ट पकडून फिरणारा जबडा, हातानं उलटा फिरवून हत्यार मागं आणावं लागतं. धंतोलीतल्या डॉक्टरांनी बजावलं, "हे काम बंद!"

घरी आलो तर माझे दीर, विलासभाऊजी, म्हणतात, "दादा, मशीन भंगारात देऊन टाक. तिथं मोबाईल कव्हरचं दुकान टाकू."

खांदा माणसाचा दुखतो आणि भंगारात मशीन? उद्या माझे गुडघे दुखले तर मलाही भंगारवाल्याच्या काट्यावर चढवाल!

मी म्हटलं, "काहून भंगारात? मोटरलेच रिव्हर्स स्विच लावू."

*

भाऊजी हसले. "वहिनी, त्याच्यासाठी स्विच कायले पाहिजे?" त्यांनी प्लग खोलून दोन वायरी अदलाबदल केल्या. मोटर सरळच फिरली. त्यांनी पुन्हा खोलून पुन्हा अदलाबदल केली. म्हणजे होतं तसंच झालं की!

तर मलाच म्हणतात, "मोटरच हट्टी आहे."

*

स्विच आणायला सीताबर्डीला गेले. दुकानदारानं मिक्सरचा काढला. मी नाही म्हटलं. मग कूलरचा काढला.

"लेथचा पाहिजे, लेथचा! फॉरवर्ड, बंद, रिव्हर्स."

त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "घरी कोणी माणूस नाही का, काकू?"

"आहे. त्याचा खांदा दुखून राहिला. खांद्याचा स्विच आहे का तुमच्याकडे?"

मग मात्र लेथचा निघाला. मागच्याच फळीवर होता!

*

आता मोटरमधून दोनच वायरी बाहेर आलेल्या. उलटी फिरवायची तर सुरू होताना मोटरला दिशा देणाऱ्या स्टार्टिंगच्या वाइंडिंगची, म्हणजे तारेच्या गुंडाळीची, दोन टोकं वेगळी बाहेर काढावी लागतात, म्हणून मोटर वाइंडिंगवाल्याकडे दिली. परत आली ती चार वायरी घेऊन. चारही लाल!

"अहो, कोणती कशाची, कसं कळायचं?"

"लालच शिल्लक होती, काकू. पण क्वालिटी पाहा!"

क्वालिटीची काय आरती ओवाळू? तिथंच उभं राहून त्याला एकेक वायर तपासायला लावली आणि ब्लाउज शिवायचे रंगीत दोरे गुंडाळून घेतले. हिरवा, पिवळा, निळा, पांढरा. वर्कशॉपमध्ये आणली तर हे म्हणाले, "काहून वं, मोटरले राखी बांधली का?"

*

पण खरा कहर स्विच बसला त्या संध्याकाळी झाला. भाऊजींनी मला बाजूला केलं आणि मोटर फॉरवर्ड चालू केली. वाइंडिंगवाल्यानं बजावलं होतं, मोटर पुरती थांबल्याशिवाय स्विच उलटा करायचा नाही. मी ओरडले, "भाऊजी, थांबू तर द्या!"

ऐकतात कुठं! फिरत्या मोटरवरच खटकन स्विच उलटा केला. मोटर सरळच फिरत राहिली.

"पाहिलं? तुमचा स्विच फेल!" तिथल्या तिथं त्यांनी भंगारवाल्याला फोन लावला. "सकाळीच ये गा, मशीन उचलायची आहे." आणि तणतणत निघून गेले. ह्यांचा चेहरा एवढासा झाला. ते एप्रन काढून घडी घालायला लागले.

मी स्विच बंद केला. चक थांबेपर्यंत वाट पाहिली. मग उलटा केला.

चक उलटा फिरला!

हे पाहतच राहिले. मग खांदा धरून हसले. "म्हणजे विलाससारखीच आहे. पहिले थांबवा, मगच उलटी फिरते!"

"भंगारवाल्याले नाही म्हणून फोन करू का?" मी विचारलं.

"येऊ दे त्याले," हे म्हणाले आणि एप्रन पुन्हा घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला हातगाडी घेऊन आला, चहा प्यायला, गाडीच्या आसाला नवे आटे पाडून घेतले आणि गेला.