फक्की मारलेली वाट

कोणी 'आपण हे जरा छान करू या' म्हणालं की माझं डोकं फिरतं. पूर्वी असं नव्हतं. दिल्लीजवळच्या मानेसरला राहायला आले आणि आमच्या सोसायटीमागची वाट छान करण्यात आली, तेव्हापासून हे सुरू झालं.

सोसायटी म्हणजे शेतात नेऊन उभे केलेले टॉवर. पुढे हायवेचा सर्व्हिस रोड, मागे गव्हाची शेतं, शेतांपलीकडे गाव आणि गावामागे अरवलीची बुटकी, काटेरी टेकडी. टेकडीकडून येणारी एक पायवाट गावातून निघायची, गावतळ्याच्या कडेने शेतं ओलांडायची आणि आमच्या मागच्या फाटकाला वळसा घालून हायवेला लागायची. गावात भाड्याच्या खोल्यांत राहणारे कारखान्यांतले कामगार कंपनीची बस पकडायला त्या वाटेने यायचे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बायका यायच्या, म्हशीही यायच्या. ती कोणी बांधलेली नव्हती, माणसं चालत गेली म्हणून पडलेली होती.

आईला मी पुलगावहून आणलं ते जबरदस्तीने. बाबा गेल्यावर ती तिथे एकटीच राहायची, आणि एकदा न्हाणीघरात पडली तर दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने हाका मारेपर्यंत तशीच पडून होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. आयुष्यभर दुसऱ्यांना 'सरळ बसा' सांगितलेली बाई, तिला 'आता माझ्याकडे चल' हे सांगणं सोपं नव्हतं. आली, पण बॅग उघडेना. रोज लागेल ती साडी काढायची आणि बॅग पुन्हा बंद करून पलंगाखाली सारायची.

"इथं पाय जमिनीला लागत नाही," म्हणायची. आमचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर.

डॉक्टरने सांगितलं होतं की गुडघे टिकवायचे तर चालणं सोडू नका. पण चालायचं कुठे? पुढच्या रस्त्याला फूटपाथ नावाची वस्तूच नाही. ट्रक कानाला वारा लावून जातात, आणि माणूस दिसला की ड्रायव्हर त्यालाच शिव्या देतात. सोसायटीच्या बागेत एक गोल ट्रॅक आहे. तिथे एक फेरी मारून आई परत आली. "गोल गोल फिरायला मी काय घाण्याचा बैल आहे?" एवढंच म्हणाली. मला कळून चुकलं की ही महिनाभरात परत जाणार. परत गेली की पुन्हा पडणार, आणि या वेळी कदाचित दूधवाला सुट्टीवर असणार.

ती वाट तिने स्वतःच शोधली. आमच्याकडे काम करणाऱ्या बाईच्या मागोमाग खाली उतरली ती दुपारी परतली, पदरात चाकवत घेऊन. "इथले लोक बथुआ म्हणतात याला. गव्हात नुसता माजलाय. उपटला की उलट खूश होतात." त्या दिवशी आमच्याकडे ताकातला चाकवत झाला. संध्याकाळी पाहिलं तर बॅग रिकामी होऊन कपाटावर गेली होती. मी कपाटाकडे बघत उभी राहिले आणि मला रडू आलं. पुढच्या सुट्टीला सरोजिनी नगरला जाऊन तिच्यासाठी कॅनव्हासचे बूट आणले. नऊवारी ती कधीच नेसली नव्हती, पाचवारीवर ते पांढरे बूट घालून ती रोज सकाळी निघायची. कामगार पोरं तिला 'राम राम अम्मा' करायची. ती त्यांना मराठीत उत्तर द्यायची आणि त्यांचं त्यात काही अडायचं नाही.

एवढं सगळं नीट चाललेलं असताना आमच्या मराठी मंडळाच्या नजरेला ती वाट पडली.

मंडळ म्हणजे सोसायटीतली पंधरावीस मराठी कुटुंबं. गणपती, कोजागिरी, तिळगूळ, आणि अधूनमधून कोणाच्या तरी घरी मिसळ. अध्यक्ष मूळचे पुण्याचे. नोकरीतून निवृत्त झाले होते, पण त्यांच्यातला साहेब अजून कामावर होता. एका बैठकीत त्यांनी जाहीर केलं, "मागची पायवाट फार डर्टी आहे. आपण श्रमदान करू. इथल्या लोकांना दाखवून देऊ, महाराष्ट्रात कसं काम होतं ते. बिल्कुल आदर्श गावासारखं."

मी म्हटलं, "त्या वाटेवरून चालता येतं. वाटेला आणखी काय यायला हवं?"

"मॅडम, तुमचा ना अ‍ॅटिट्यूडच निगेटिव्ह आहे," ते हसत म्हणाले आणि सगळे हसले. या हसण्याचा मला मनापासून तिटकारा आहे. हसून एकदा विषय मोडला की पुढे तोंड उघडणारा माणूस भांडखोर ठरतो. मी भांडखोर आहेच, पण त्या दिवशी गप्प बसले, कारण आई शेजारी बसली होती आणि तिचे डोळे चमकत होते. श्रमदान या शब्दावर ती पिढी विरघळते.

रविवारी पिवळे टी-शर्ट आले. बॅनर आला, 'आपली वाट, आपला अभिमान'. ज्यांनी घरी कधी केरसुणी उचलली नाही त्यांनी फावडी उचलली, आधी फोटोसाठी आणि मग खरोखरच. विलायती कीकरच्या, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीच्या, काटेरी फांद्या तोडून एका बाजूला रचल्या. खड्डे बुजवले, कडेने दगड मांडले. मग अध्यक्षांनी पोतं उघडलं. आत पांढरीशुभ्र फक्की. "दोन्ही बाजूंनी लाइन मारू, म्हणजे फोटोत उठून दिसेल. कोणाला जमतं?"

आई पुढे झाली. प्रजासत्ताक दिन असो की खो-खोचे सामने, शाळेच्या मैदानावर फक्की मारण्यात तिचा हात धरणारं सबंध तालुक्यात कोणी नव्हतं. तिने दोरी ताणून घेतली, पदर खोचला आणि वाकली. गुडघ्यांचं दुखणं कुठल्या कुठे गेलं. फाटकापासून तळ्यापर्यंत दोन रेघा आखल्या, कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. वाटेने जाणारी कामगार पोरं थांबून बघत होती. खोटं कशाला बोलू, मलाही ते पाहून भरून आलं. नंतर पोहे झाले, चहा झाला, ड्रोनने फोटो काढले गेले. आई इतकी दमली होती की न जेवताच झोपली, आणि झोपेतही चेहरा हसरा होता.

सकाळी ट्रॅक्टरच्या आवाजाने आम्ही बाल्कनीत आलो. खाली आईच्या दोन पांढऱ्या रेघांच्या मधून नांगर चालला होता. दोन्हीकडच्या गव्हाला धक्का न लावता, नेमका वाटेवरूनच. फाटकाशी जेसीबी चर खणत होता. आणि आम्हीच तोडून, नीट रचून ठेवलेल्या कीकरच्या फांद्या दोन माणसं उचलून चराच्या पलीकडे कुंपणासारख्या लावत होती. कामगार पोरं अलीकडे-पलीकडे घोटाळली आणि मग गावाला मोठा वळसा घालून ट्रकांच्या रस्त्याकडे वळली. आईने बूट घातले होते, ते काढून ठेवले.

ग्रुपवर अध्यक्षांचा मेसेज आला, 'गावातले एलिमेंट्स असेच असतात. आपण लीगल बघू.' त्याखाली रांगेने अंगठे. भेटायला कोणीही गेलं नाही. कालपर्यंत अभिमान असलेल्या वाटेसाठी आज एकालाही गावात पाऊल टाकायचं नव्हतं. मग मीच ऑफिसला दांडी मारली आणि मोठ्या रस्त्याने, ट्रकांची धूळ खात, गावात गेले.

जमीनमालक साठीचा माणूस, दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर मोबाइल बघत बसला होता. मी सांगितलं की आम्ही फक्त साफसफाई केली, कोणाची जमीन नकोय. त्याने मान वर केली. "चूना या तो पटवारी डालै है या बिल्डर. तम कौण हो?" पटवारी म्हणजे तिथला तलाठी; जमीन मोजली की चुन्याची रेघ मारणारा.

"ताऊ, वो तो सजावट थी. हमारे यहां ऐसे ही करते हैं."

"थारे यहां करते होंगे." त्याने आमच्या टॉवरकडे बोट दाखवलं. "वा ज़मीन मेरे भाई की थी. पहले चूना पड़ा, फेर खंभे गड़े, फेर गेट लाग्या. इब उस गेट पै गार्ड मन्नै पूछै है, किससे मिलना है."

आमचा गार्ड असं विचारतो हे खरंच होतं. गावातल्या माणसाला तर जरा जास्तच दरडावून विचारतो.

"पण ते कामगार?" मी हिंदीत म्हटलं. "ते तर रोज जात होते. त्यांनी काय केलंय?"

"लेबर चालै है अर चली जा है. चूना ना डालै. इब सड़क तै चली जागी." सांगताना त्याला काही वाटलं नाही. त्या रस्त्यावर काय होतं हे त्याला माहीत होतं, मलाही. मघाशी त्याचं ऐकून मला जी काही शरम वाटली होती ती तिथेच संपली. दुखणं त्याचं खरं होतं, पण त्याची भरपाई तो अशा लोकांकडून घेत होता ज्यांचं ना टॉवरमध्ये काही होतं ना शेतात.

मी उठले तेव्हा मागून म्हणाला, "वा बूटवाली अम्मा थारी मां है के? उसनै कोई ना रोकै. फाटक धोरे पटरा धरवा दूंगा. बस अकेली आवै, अर बता कै आवै."

मी जवळजवळ पळतच घरी आले. मला तेवढं पुरेसं होतं. मला ना वाट जिंकायची होती ना न्याय हवा होता, आई इथे राहायला हवी होती. तिला सांगितलं, "तुला सोडणार आहेत. चरावर फळी टाकून देतील. फक्त एकटी जायचं, आणि सांगून."

आई तांदूळ निवडत होती. ताटातला हात थांबला.

"माझ्या आईला असंच सांगायचे," ती म्हणाली. "तू ये, पण या बाजूने ये. या वेळेला ये. सांगून ये. गावची वाट, पण गावकुसाबाहेरच्या आम्हाला ती दुसऱ्याच्या परवानगीने. ती बिचारी तशीच गेली जन्मभर. मी शाळेत नोकरीला लागले तेव्हा पहिल्या दिवशी मुद्दाम गावाच्या मधून चालत गेले, कोणाला न सांगता. आता म्हातारपणी मेहरबानीच्या फळीवरून जाऊ?"

"आई, ते वेगळं होतं. हा तुला मान देऊन बोलावतोय."

"मला एकटीला ना?" तिने पुन्हा तांदळात बोटं घातली. "आणि फक्की मीच मारली होती. माझ्या हाताने त्या पोरांची वाट बंद झाली. त्यांना ट्रकाखाली पाठवून मी बूट घालून फिरू?"

मी तिच्यावर ओरडले. तुझा बाणेदारपणा न्हाणीघरात पडल्यावर तुला उचलायला येणार आहे का, असं म्हणाले. ती तांदूळ निवडत राहिली. आठवडाभराने निजामुद्दीनहून मी तिला गाडीत बसवून दिलं. बूट तिने नेले नाहीत, चपलांच्या स्टँडवर तसेच राहिले. घरी परतताना लिफ्टमध्ये अध्यक्ष भेटले, म्हणाले, "आई गावी गेल्या वाटतं? अच्छा, चेंज मिळेल." मी त्यांच्याकडे पाठ केली आणि चौदाव्या मजल्यापर्यंत आरशात त्यांच्याकडे बघत राहिले.

मग मी रोज तिला सकाळी फोन करायचे. तिने उचलेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. एकदा तिने उशिरा उचलला, अंगणात होती म्हणे. मी त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांशी भांडले.

गहू पिवळा पडायला लागला तेव्हा सकाळी बाल्कनीत चहा घेताना खाली हालचाल दिसली. पाठीला बॅगा लावलेली माणसं एकामागे एक येत होती. फाटकाशी चर होता तिथे आता वीटमाती पडलेली होती, काटे कडेला सारलेले होते. नांगरलेल्या पट्ट्यावर मधोमध एक बारीक, घट्ट, मातकट रेघ उमटली होती. ही कोणी श्रमदानाने केली नव्हती, तिला बॅनर नव्हता. ज्यांना बस पकडायची होती ते पाय टाकत गेले. जमीनमालक खुर्ची टाकून शेताच्या कडेला बसला होता आणि मोबाइल बघत होता. त्याने मान वर केली नाही.

नऊ वाजायच्या आत ग्रुपवर अध्यक्षांचा फोटो आला, वरून काढलेला. 'गुड न्यूज! वाट इज बॅक. या संडेला थोडं फिनिशिंग करू या?' खाली अंगठे सुरू झाले होते. मी लिहिलं, 'त्या वाटेला कोणी हात लावला तर मी स्वतः ट्रॅक्टर बोलावीन.' मग चपला घातल्या, त्यांच्या फ्लॅटवर गेले, बाल्कनीत ठेवलेलं फक्कीचं उरलेलं पोतं ओढत बाहेर काढलं. ते 'अरे यार, मॅडम' म्हणत राहिले. ते पोतं अजून माझ्या पलंगाखाली आहे, आईची बॅग असायची तिथे.

परत येऊन आईला फोन लावला.

"आई, वाट पुन्हा पडली."

पलीकडे तिने पंखा बंद केला.

"कोणाला विचारून?"

"कोणालाच नाही."

"पोरं जातात त्यावरून?"

"सगळी."

"मग तिकीट काढ माझं," आई म्हणाली. "आणि ते बूट जरा उन्हात ठेव."