अण्णांची गाडी आणि माझी बोटं

गेल्या मंगळवारी सकाळी चऱ्होलीहून निघालो आणि मोशीच्या अलीकडे अण्णांची गाडी बंद पडली... मागे कंटेनरची रांग, हॉर्नचा नुसता कल्ला.

अण्णा म्हणजे माझे सासरे. गाडी वीस-बावीस वर्षांची, त्यांची फार लाडकी. मागच्या सीटवर सासूबाई... दहा वाजता त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आणि ही तारीख दीड महिना थांबून मिळालेली.

गाडीचं हे दुखणं महिनाभराचं. चालता चालता गाडी बंद, कधी लगेच चालू, कधी अर्धा तास नाही. मेकॅनिकने प्लग बदलले, कॉइल बदलली... फरक शून्य. आता फोन लावला तर म्हणाला, "टो करून आणा काका."

गाडी ढकलून कडेला घेतली. मी बॉनेट उघडलं तर अण्णा ओरडले, "अगं, काय करायलीस? हात भाजंल!"

मागून सासूबाई म्हणाल्या, "बघू द्या की तिला. नऊ वर्षं चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या वायरिंगवरच हाय ती."

अण्णा स्टीअरिंगवर जाऊन बसले. चार-पाच वेळा चावी फिरवल्यावर इंजिन कसंबसं चालू झालं. प्लग नवे, कॉइल नवी... मग कॉइलपर्यंत करंट तरी नीट पोचतोय का? चावीच्या स्विचकडून कॉइलला येणारी वायर मी हळूच हलवली... आणि इंजिन गप्प!

चावी काढायला लावली, वायर बोटांनी चाचपत गेले. एका जागी ती रबरासारखी ताणली गेली. आतली तांब्याची तार तुटलेली, वरचं कव्हर मात्र अगदी धड. गाडीला धक्का बसला की आतली टोकं सुटायची.

टपरीवरून ब्लेड आणलं. वायर सोलून टोकं पिळली, डिकीतली टेप घट्ट गुंडाळली. अण्णांनी चावी फिरवली... एका झटक्यात चालू!

रस्ताभर अण्णा एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, रागावले. हॉस्पिटलमध्ये सिस्टरने विचारलं, "पेशंटसोबत कोण आहे?"

"ही आमची सून," अण्णा म्हणाले. "गाडीची वायरिंग हिच्याइतकी कुणाला कळत न्हाई."

सिस्टर बिचारी बघतच राहिली... आणि मी फॉर्ममध्ये तोंड खुपसलं.

ऑपरेशन छान झालं. संध्याकाळी मी कंपनीत वायरिंगच्या लाइनवर असलेल्या आमच्या शालनताईंना फोन लावला. कामावरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला डोळे मिटून वायरी चाचपायला लावल्या होत्या, तेव्हा रडू यायचं... ताई, तुम्ही माझ्या बोटांना शिकवलंत. खूप आभार.