अडीच मीटरवरचा वाघ

पोंभुर्णा तालुक्यातल्या शेवंताबाईंवर अन्याय झाला तो यंदा होळीच्या आदल्या दिवशी सकाळी. मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बायांच्या टोळीत त्या कायम सगळ्यांत पुढं चालायच्या. पुढची थांबली की सगळ्या थांबतात, ती मागं वळली की सगळ्या वळतात. त्या सकाळी गावच्या वन समितीनं त्यांना शेवटी उभं केलं. कारण सांगितलं, "बाई, तुम्ही गेममध्ये नापास."

तो गेम आमच्या कंपनीचा. मी तिथं प्रोग्रामर आहे. जंगलात वाघाची चाहूल लवकर ओळखायची नि मागं फिरायचं, एवढंच तो शिकवतो. समिती प्रत्येक बाईला तिच्याच फोनवर तो खेळायला लावते नि त्यावरून पास-नापास ठरवते. आधी तो कॉम्प्युटरसाठी बनवला, मग दुसऱ्या टीमनं मोबाइलवर आणला. याला आम्ही पोर्ट करणं म्हणतो. मला गावात पाठवलं ते गेमच्या कौतुकाचा व्हिडिओ काढायला.

शेवंताबाई अंगणात बसल्या होत्या. नाकावर नवा चष्मा.

"चंद्रपूरले जाऊन आणला," त्या म्हणाल्या. "तरी वाघ दिसत नाई. एकदम अंगावरच येते."

शेजारीण कुंपणापलीकडून हसली. "हिले आता म्हैस बी दिसत नाई!"

"तू चूप बस वं!"

मी त्यांचा फोन मागितला. जुना, काच तडकलेली. खेळले. गवत हललं, वानर खेकसलं, वाघ कुठंच नाही. दोन पावलं टाकली नि तो समोर उभा. खेळ खलास. मग माझ्या नव्या फोनवर तीच जागा उघडली. वाघ लांबूनच गवतात स्पष्ट दिसत होता.

"तुम्ही तक्रार काऊन नाही केली?"

"कायची तक्रार, पोरी? वाघ असाच रायते. दिसला म्हंजे जवळ आला."

गावात कुणीच तक्रार केली नव्हती. आमच्या ऑफिसात त्याचा अर्थ लावला होता, गेम सगळीकडे नीट चालतोय.

चूक सापडायला वेळ लागला नाही. गेम फोनच्या चिपशी थेट बोलत नाही. मध्ये दुभाष्या लागतो, त्याला ग्राफिक्स एपीआय म्हणतात. नव्या फोनमध्ये वल्कन, जुन्यात ओपनजीएल ईएस. नव्यासाठीचा कोड माणसांनी बसून लिहिला. जुन्यासाठीचा एका टूलकडून बदलून घेतला. त्या टूलनं प्रत्येक गणितावर शेरा मारला, 'कमी अचूकता चालेल.' कॉम्प्युटर हा शेरा मनावरच घेत नाही, म्हणून ऑफिसात सगळं ठीक दिसलं. जुनी चिप मात्र तो पाळते. तिच्या छोट्या आकड्यात साधारण पासष्ट हजारांपलीकडचं मावत नाही. आमचा गेम अंतर सेंटिमीटरमध्ये मोजतो, वर त्याचा वर्ग करतो. अडीच मीटर म्हणजे अडीचशे सेंटिमीटर, त्याचा वर्ग साडेबासष्ट हजार. वाघ अडीच मीटरच्या पुढं गेला की आकडा फुटायचा नि वाघ पारदर्शक व्हायचा.

मी ऑफिसातल्या आमच्या सरांना फोन लावून चूक सांगितली. त्यांनी विचारलं,

"तक्रार एक तरी आली का?"

"नाही. पण सर, एका बाईंना नापास केलंय."

"जुने फोन किती दिवस सांभाळायचे? पुढच्या अपडेटमध्ये ते वगळून टाकू. बग क्लोज."

"आणि बाईंचा निकाल?"

"तो समितीचा विषय आहे."

समितीवाले म्हणाले, निकाल सिस्टीममध्ये लॉक झालाय. सिस्टीम आमची. म्हणजे फिरून पुन्हा सरांकडेच.

मी शेवंताबाईंना सगळं सांगितलं. डोळे चांगले आहेत, चूक आमची आहे. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"तुले वाईट वाटून राह्यलं म्हणून म्हणतेस. मले नाई दिसत तं पुढं काऊन चालू? मागच्या बायांचा जीव जाईन."

आता टोळीच्या पुढं जिच्या घरी नवा फोन आहे, ती चालते. शेवंताबाई जंगलात जातच नाहीत. कोडमधली दुरुस्ती एका ओळीची होती. ती मी लिहिली, पाठवली. पण सरांनी जुने फोन वगळलेच; अपडेट आलं तेव्हा शेवंताबाईंच्या फोनवर एवढंच दिसलं, 'हे उपकरण चालणार नाही.'

तक्रार आली नाही म्हणजे चूक नाही, असं ज्या ऑफिसात धरतात, तिथली चूक गावातली माणसं स्वतःच्या अंगावर घेतात. एवढं मी शिकले.

तुमच्या गावात असल्या ॲपनं कुणाला नापास केलं असेल, तर आज त्याच्या घरी जा. त्याचाच फोन मागून घ्या नि स्वतः खेळून बघा. मग समितीसमोर तोच फोन ठेवा, नि निकाल फिरवल्याशिवाय तिथून उठू नका.