माझ्या नावाची बाई

आत्या माझ्यासाठी स्थळं बघत फिरायची तेव्हाची गोष्ट. आमच्या त्रियोले गावातल्या घरी येऊन तिने माझा जन्मदाखला आणि शाळेचं सर्टिफिकेट मागून नेलं. मुलगी शिकलेली आहे हे मुलाकडच्यांना कागदावर दाखवावं लागतं म्हणे. आईने अस्सल कागद काढून दिले. स्थळ काही आलं नाही, कागद मात्र बसमध्ये हरवले. आत्याने डोळ्याला पदर लावला आणि नकलांसाठी खेटे मी घातले.

वडील गेल्यावर सगळं घर माझ्या सरकारी नोकरीकडे डोळे लावून बसलं होतं. मुलाखतीला गेले तर साहेब म्हणाला, या नावाची, याच जन्मतारखेची बाई फिनिक्सच्या कचेरीत कधीच रुजू झालीय. तुम्ही कोण? तिथून तडक फिनिक्सला गेले. शिपायाने माझं नाव पुकारलं आणि आत्याची मुलगी उठून उभी राहिली. शाळेत नापास झालेली.

जाब विचारला तर आत्या तोंड वर करून म्हणाली, “घरातलीच पोर हाय ना, परक्याने थोडंच घेतलं? तुला दुसरी नोकरी गावेल. आता की पू फेर?”

काय करायचं ते मी दाखवलं. पोलिसात गेले, शपथपत्र केलं, पोस्टातल्या खात्याची सही बदलली. तेव्हापासून नक्कल दिली की तिच्यावर आडवं लिहिते: कुणाला दिली, कशासाठी दिली. देवळात दर आरतीला पुढे उभी राहणारी आत्या मला संशयी म्हणत फिरली. तिची किळस आली, अजून येते.

चौकशीला मला आणि आत्याच्या मुलीला एकाच बाकावर बसवलं. साहेबाने आईला आमच्या बेटावरच्या क्रिओल बोलीत विचारलं, “किसानला ऊ तिफी?” यातली तुमची मुलगी कोणती?

आत्या आईला खेटून उभी होती. “वहिनी, माझ्या पोरीचं लगीन ठरलंय. मोडंल ते.”

आईने तिच्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. साहेबाला पुन्हा विचारावं लागलं, तेव्हा कुठे तिने माझ्याकडे बोट केलं.

नोकरी मला मिळाली. आत्याचं तोंड पुन्हा पाहिलं नाही, ते सोपं होतं. आईला शेवटपर्यंत सांभाळलं, भरवलं, औषधं दिली. पण तिला दोनदा विचारावं लागलं, हे मी माफ केलेलं नाही.