खीरवालीच्या हातचा लाडू

खुशबू माही नणंद. लोक तिले खीरवाली म्हणतात.

काऊन म्हणतात ते सांगते. ती गोंदियाले कॉलेजात होती, तवा एका साडीच्या दुकानवाल्यानं तिचा फोटो काढून चौकात हे एवढं मोठं फ्लेक्स लावलं. मंग दागिन्याची जाहिरात, मंग कॅलेंडर. दिसायले तशीच होती पोरगी, नजर लागावी अशी. तोच फोटो पाहून वडशाच्या एका नाटक कंपनीनं तिले बोलावलं. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच, अन् मंडई म्हटली का नाटक आलंच. खुशबूले काम भेटलं सवतीचं. थोरलीच्या खिरीत जहर कालवते अन् ती मरेपर्यंत उशाशी बसून गोड गोड बोलते. बापा, काय काम केलं! बाया बोटं मोडून शिव्या देत. माही सासू पार्वताबाई पुढच्या रांगेत बसली होती. खीर पाहून ते उभीच झाली अन् ओरडली, "नको खाऊ व बाई!" आम्ही हसून हसून मेलो.

काही वर्षं तिनं गाजवली. मंग एक दिवस म्हणाली, "वहिनी, जागून जागून जीव कंटाळला. आता आपला धंदा करू." असे सुरू झाले मोहफुलाचे लाडू. मोहफुलं, तीळ, गूळ, तूप. पाकिटावर तिचाच साडीतला फोटो. सडक अर्जुनीच्या हायवेवरच्या ढाब्यावर रायपूरकडचे गाडीवाले थांबून घेऊन जात, त्यायले कायचं नाटक अन् कायची खीर! पण आपल्या मुलखातल्या बाया पाकीट हातात घेत, फोटो पाहत अन् हसून ठेवून देत. "खीरवालीच्या हातचं कोण खाते व!" खुशबूले हेच टोचून राहिलं होतं. रायपूरचा माणूस खाते, आपला काऊन नाही?

म्हणून महाशिवरात्रीले प्रतापगडच्या यात्रेत खुशबू, मी अन् सासू, तिघींनी दुकान लावलं. सकाळपासून तेच, येत, पाहत, जात. दुपारी आमच्या गावचा धर्मेंद्र आला, पोरगी आचलले खांद्यावर घेऊन. "दे व खुशबू, पोरगी मांगून राहिली." गावातलं पहिलं गिऱ्हाईक! खुशबूनं आपल्या हातानं लाडू आचलच्या तोंडात भरवला.

थोड्या वेळानं यात्रेच्या गर्दीतून धर्मेंद्र पळत येताना दिसला. पोरगी हातावर लोंबून राहिली होती, वांती करकरून डोळे पांढरे. "खीरवालीचा लाडू खाल्ला पोरीनं!" असं ओरडतच तो डॉक्टरच्या तंबूकडे धावला.

मंग लोक जमले. एक, दोन, पाहता पाहता चारी बाजूनं. कोणी टेबल हलवलं, कोणी पाकिटं खाली फेकली. "जहर देते का व लेकराले?" "बांधा इले!" माणूस एकटा असला का त्याच्याशी भांडता येते, मी कोणाले ऐकणारी नाही. पण गर्दीचं तोंड कुठं असते? माही तं पाचावर धारण बसली. त्या पोरीले काही झालं तं हे लोक आमाले इथंच मारतील, असंच वाटून राहिलं होतं.

खुशबूनं एक लाडू उचलला अन् सगळ्यायच्या समोर खाल्ला.

"नाटकवाली आहे ते! मरेपर्यंत हसन!" मागून कोणीतरी म्हणालं.

तवा एक म्हातारी सासूपुढं आली. "तू माय ना तिची? तू खाऊन दाखव."

सासूनं लाडू घेतला. तोंडापर्यंत नेला. अन् थांबली. लेकीच्या तोंडाकडे पाहत तशीच थांबली. हात खाली येईना, वर जाईना.

खुशबू तिच्याकडेच पाहून राहिली होती. गर्दीलेही एवढी भेली नसन पोरगी. तिचे ओठ पांढरे पडले. मले संताप आला. सासूच्या हातातला लाडू हिसकला अन् अख्खा तोंडात कोंबला. चावून चावून गिळला.

तेवढ्यात धर्मेंद्र परत आला. "हटा बे, हटा! कुंपणाच्या चंद्रज्योतीच्या जहरी बिया खाल्ल्या पोरीनं! शेंगदाणे समजून खाल्ल्या, फ्रॉकच्या खिशातही निघाल्या. डॉक्टर म्हणते वाचली." तो खुशबूपुढं हात जोडून रडला. गर्दी पांगली. जायच्या आधी पाच-सात जणांनी शरमेनं पाकिटंही घेतली. खुशबू खाली पडलेली पाकिटं उचलत राहिली. सासूनं मान वर केली नाही.

आता आपल्या गावातही लाडू खपतात. आचल तं दारात येऊन मांगून खाते.

पण घरी जेवायले बसलो का खुशबू मायचं ताट वाढते, त्यातला एक घास उचलून पहिले आपण खाते, अन् मंगच ताट तिच्यापुढं सरकवते. पहिल्या दिवशी सासू रडली, "असं नको करू व माय."

"काही नाही, मीठ पाहिलं," खुशबू म्हणाली.

अजून रोज मीठ पाहते.